डफ खाली ठेवण्याची रीत

ताल धरून, यमकांची साखळी न तोडता आणि बहुधा स्वतःच्याच आयुष्याविषयी वेगाने बोलत जाण्याच्या ज्या गानप्रकाराला रॅप म्हणतात, त्यात गेल्या दोन दशकांत एक निराळी रीत रुळली आहे. गायक आधी निवृत्ती जाहीर करतो, मग अखेरचा म्हणून एक अल्बम, म्हणजे एका सूत्रात ओवलेल्या दहा-पंधरा गाण्यांचा संच, प्रसिद्ध करतो, आणि त्यातील बरीच गाणी त्याच्या जाण्याविषयीच असतात. पुढे दोन-तीन वर्षांत तोच गायक नवे गाणे घेऊन परतला की निरोप खरा होता की विक्रीची युक्ती होती, असा वाद पेटतो. वरवर पाहता हा वाद प्रामाणिकपणाचा आहे, परंतु त्याच्या मुळाशी अधिक जुना प्रश्न आहे: गाणे थांबवणे ही गायकाची खासगी बाब मानावी की तीही एक रचना मानावी, आणि रचना मानली तर तिची पारख कशी करावी?

या लेखात तो प्रश्न शास्त्रग्रंथांच्या जुन्या पद्धतीने, म्हणजे आधी शंका घेणारा पूर्वपक्ष आणि मग त्याला उत्तर देणारा उत्तरपक्ष अशा क्रमाने मांडला आहे, आणि दोन्ही पक्ष रेवदंड्यातील एका घरातल्या दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातले आहेत. पूर्वपक्ष आहे मराठी शिकवून निवृत्त झालेल्या आत्याचा, तर उत्तरपक्ष आहे तिच्या भाच्याचा, जो लग्नाच्या हळदींना ध्वनिव्यवस्था पुरवतो आणि एरवी घरामागच्या खोलीत आसपासच्या मुलांची रॅप व कोळीगीते ध्वनिमुद्रित करतो. गाव मुद्दाम निवडले आहे. कुंडलिका जेथे समुद्राला मिळते तेथे पोर्तुगीज तटबंदीच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या घेऊन वसलेल्या या गावाने निघून जाणारे पुष्कळ पाहिले आहेत. १७४० मध्ये चौल-रेवदंडा मराठ्यांच्या ताब्यात देऊन पोर्तुगीज गेले, तरी खाडीपलीकडच्या कोर्लईत त्यांच्या भाषेपासून घडलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. १९४८ नंतर बेने इस्राएल, म्हणजे येथील ज्यू, कुटुंबे हळूहळू इस्राएलला गेली आणि त्यांचे प्रार्थनामंदिर येथे राहिले. यांपैकी कोणी जाताना निरोपाचा सोहळा मांडल्याचे गावाच्या आठवणीत नाही, आणि आत्याचा पहिला आक्षेप नेमका येथूनच सुरू होतो.

‘ज्याला थांबायचे असते तो थांबतो,’ असे तिचे म्हणणे. ‘सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींनी ऐन उमेदीत जाहीर मैफली सोडल्या आणि पुढची कित्येक दशके मुंबईतल्या घरात बसून निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारख्यांना शिकवले. २०१८ मध्ये त्या गेल्या तोपर्यंत ना निरोपाची मैफल झाली, ना खुलाशाचे पत्रक निघाले. आणि ज्याला थांबायचेच नसते, तो विठ्ठल उमपांसारखा जातो. कोळीगीतांपासून भीमगीतांपर्यंत सारे गायलेला हा शाहीर २०१० मध्ये नागपुरात भर कार्यक्रमात कोसळला आणि तेथेच संपला. या दोन्ही रीती समजतात. तुझा रॅपर मात्र जातो जातो म्हणत दारात उभा राहून तासभर बोलतो, वर त्याचे तिकीट लावतो.’

भाच्याने या उदाहरणांचा मान राखला, परंतु ती आपल्या प्रश्नाला लागू पडत नाहीत असे त्याने दाखवले. सूरबहारच्या आलापात वादकाचे चरित्र सांगितले जात नाही, त्यामुळे वादन थांबले तरी आलापात काही अर्धवट राहत नाही. रॅपची घडण वेगळी आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातील एका इमारतीतल्या मेजवानीत कूल हर्क या तबकडीवादकाने गाण्यातला नुसता तालवाद्यांचा तुकडा दोन तबकड्यांच्या साह्याने लांबवत नेला आणि त्या तालावर उपस्थितांना हाका मारल्या, या घटनेपासून रॅपच्या संस्कृतीचा प्रारंभ मानण्याची प्रथा आहे. त्या हाकांतून जी कविता वाढली तिच्यात कवी आपले नाव, आपली गल्ली, आपली आई, आपले वैरी आणि आपली कमाई हाच विषय करतो. ‘आत्या, संतकवी अभंगाच्या शेवटच्या चरणात नाव गुंफतो त्याला तू नाममुद्रा म्हणतेस ना? येथे सगळी कविताच नाममुद्रेची आहे. ज्याने जन्मापासूनचे सगळे गाण्यात सांगितले, त्याने जाण्याचा भाग तेवढा गाण्याबाहेर का ठेवावा?’

आत्याने नाममुद्रेचा धागा लगेच पकडला. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला संजीवन समाधी घेतली, ते वर्णन समाधीच्या अभंगांत नामदेवांच्या नावावर आहे. म्हणजे जाणारा गप्प राहिला आणि मागे राहिलेल्या मित्राने सांगितले, याकडे तिने लक्ष वेधले. निरोपाचे खरे काव्य मागे राहणाऱ्याचे असते, हा तिचा मुद्दा वजनदार आहे. भाच्याने मात्र तिच्याच कपाटातली गाथा पुढे केली: तुकोबांच्या नावावरचे निर्याणाचे अभंग पहिल्या पुरुषात आहेत, त्यांत जाणारा स्वतःच गावकऱ्यांचा निरोप घेतो आणि वारकरी ते आजही म्हणतात. आत्याने यावर तुकोबा परत आले नाहीत एवढेच म्हटले. हे उत्तर खुसखुशीत आहे, पण त्यामुळे वाद निरोपाच्या रचनेवरून परतण्याच्या प्रश्नाकडे वळला आणि तेथे जे-झीचे नाव येणे अटळ होते.

जे-झी या नावाने गाणारा न्यूयॉर्कचा शॉन कार्टर याने ‘द ब्लॅक अल्बम’ हा संच नोव्हेंबर २००३ मध्ये आपला अखेरचा म्हणून प्रसिद्ध केला आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला मॅडिसन स्क्वेअर गार्डन या न्यूयॉर्कमधील भव्य सभागृहात निरोपाची मैफल केली, जिच्यावर पुढच्या वर्षी चित्रपटही निघाला. संचातील सुरुवातीच्या एका गाण्यात त्याची आई त्याच्या जन्माची आणि बालपणाची हकीकत स्वतःच्या आवाजात सांगते, म्हणजे शेवटच्या अल्बमचा आरंभ जन्मापासून होतो. गाण्यांचे संगीत अनेक वेगवेगळ्या प्रोड्यूसरांनी, म्हणजे ताल व वाद्यमेळ रचणाऱ्या कारागिरांनी, केले आहे. निरोपाच्या रचनेचा जणू नमुनाच या अल्बमने घालून दिला. नोव्हेंबर २००६ मध्ये मात्र जे-झी ‘किंगडम कम’ घेऊन परतला आणि त्यानंतरही गात राहिला.

‘म्हणजे तीन वर्षांची रजा,’ आत्या म्हणाली. ‘शाळेत असे कोणी केले असते तर निरोप समारंभाची शाल परत मागितली असती.’

भाच्याचे उत्तर या संपूर्ण वादातले सर्वांत चतुर उत्तर म्हणावे लागेल. हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीची सांगता भैरवी रागाने करण्याची प्रथा आहे. भैरवी सुरू झाली की श्रोते चपला शोधू लागतात, कारण आता पुढे काही नाही हे सर्वांना कळते. तोच गायक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी पुन्हा पहिल्यापासून गातो, तरी काल भैरवी गाऊन फसवले असे कोणी म्हणत नाही, कारण भैरवी हे प्रतिज्ञापत्र नसून समाप्तीचा आकार आहे. निरोपाचा अल्बमही तसाच ऐकावा: ‘हे शेवटचे’ असे समजून गायले की शब्द, स्वर आणि मांडणी यांत जो फरक पडतो तो फरक ऐकावा, आणि गायकाने पुढे काय केले याचा हिशेब त्या गाण्यांवर लादू नये.

येथे मध्यस्थाने, म्हणजे प्रस्तुत लेखकाने, थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण युक्तिवाद देखणा असला तरी त्यात एक फट आहे. भैरवी आजची मैफल संपल्याचे सांगते, त्याहून अधिक काही सांगत नाही, आणि तिच्यासाठी वेगळे तिकीट नसते. निरोपाची मैफल मात्र ‘पुन्हा ऐकायला मिळणार नाही’ याच शब्दावर विकली जाते. शब्द विकला असेल तर तो पाळण्याची अपेक्षा करणे हा श्रोत्याचा अडाणीपणा ठरत नाही. तेव्हा परतणाऱ्या गायकाला आयोजकांच्या हिशेबवहीत दोषी ठरवावे आणि त्याच्या गाण्यांना त्या दोषातून मुक्त ठेवावे, हा भेद दोन्ही पक्षांनी मान्य करण्यासारखा आहे. आत्याने तो निम्मा मान्य केला. रॅप सोडत असल्याची भाषा पुण्याच्या एमसी स्टॅनने समाजमाध्यमावर केली तेव्हा ना अल्बम होता ना मैफल, तरी बातमी झालीच, याची आठवण देऊन तिने विचारले की घोषणा हीच जर वस्तू झाली, तर गाण्याचे काय काम उरते. याला भाच्याकडे चांगले उत्तर नव्हते.

परंतु आत्याचा सर्वांत भक्कम पुरावा तिच्या अध्यापनाच्या विषयातून आला आणि गंमत अशी की त्याने तिचीच बाजू सैल केली. पेशवाईच्या उत्तरकाळात शाहीर, म्हणजे डफाच्या तालावर लावण्या, पोवाडे आणि उपदेशपर फटके रचून गाणारे कवी, आजच्या रॅपरइतकेच प्रसिद्ध आणि तितकेच बदनाम होते. त्यांच्यात प्रश्नोत्तरांचे सामने होत, एकमेकांना पेचात पकडणारी कवने जागच्या जागी रचली जात. या शाहिरांपैकी दोघांच्या निवृत्तीच्या कथा प्रसिद्ध आहेत. संगमनेरच्या अनंतफंदींनी अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशावरून तमाशा सोडला आणि ते कीर्तन करू लागले, असे परंपरा सांगते. सोलापूरचे राम जोशी मोरोपंतांच्या सहवासात कीर्तनाकडे वळले, अशीही परंपरा आहे, आणि त्यांच्यावर १९४७ मध्ये ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट निघाला. ‘हे खरे निवृत्त होणे,’ आत्या म्हणाली. ‘आधी मनात काही तरी पालटले, मग डफ खाली आला.’

भाचा म्हणाला की पालटले हे खरे, पण थांबले काय? फड सोडून हे कवी गप्प बसले नाहीत; डफाच्या जागी वीणा आणि झांज आली, लावणीच्या जागी आख्यान आले, बैठक बदलली, श्रोते बदलले, आणि राम जोशींची शब्दांवरची हुकमत मात्र दोन्हीकडे तीच राहिली. जे-झीनेही निरोपानंतर डेफ जॅम या ध्वनिमुद्रण कंपनीचे अध्यक्षपद स्वीकारले, म्हणजे तोही गाणाऱ्याच्या जागेवरून गाणी निवडणाऱ्याच्या जागेवर गेला. २०२० च्या जुलैमध्ये लॉजिक या अमेरिकी रॅपरने पितृत्वाला वेळ देण्यासाठी ‘नो प्रेशर’ हा अखेरचा अल्बम काढला आणि वर्षभरातच तो परतला. त्यालाही बहुधा विशिष्ट प्रकारचे जगणे थांबवायचे होते आणि त्याच्या हाताशी शब्द मात्र ‘निवृत्ती’ एवढाच होता. शाहिराला निदान कीर्तनाची ठरलेली, प्रतिष्ठित वाट उपलब्ध होती. रॅपरला अशी दुसरी बैठक समाजाने अजून दिलेली नाही, म्हणून तो जातो आणि पुन्हा त्याच दाराने आत येतो. उत्तरपक्षाचे हे निरीक्षण भैरवीच्या युक्तिवादाहून कमी चमकदार आहे आणि अधिक खरे आहे.

अखेरचा अल्बम आणि निरोपाचा अल्बम यांतला फरकही यानंतर बोलण्यात आला. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या बहुभाषिक रॅपगटात गुजरातीतून गाणारा धर्मेश परमार, ज्याला श्रोते एमसी तोड फोड म्हणून ओळखत, मार्च २०२२ मध्ये वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. त्याचा ‘ट्रुथ अँड बेस’ हा अल्बम त्याच महिन्यात, थोडेच दिवस आधी, आलेला होता. तो आरंभाचा अल्बम होता आणि श्रोत्यांच्या हाती अखेरचा म्हणून उरला. भाच्याने तो ऐकताना जागोजाग निरोपाच्या खुणा सापडतात असे सांगितले, तेव्हा आत्याने त्याला शिक्षिकेच्या करड्या सुरात अडवले: ‘खुणा तू ठेवल्यास. त्याने ठेवल्या नाहीत.’ भाच्याने हे निमूटपणे मान्य केले. आणि मान्य करताच निरोप ही ऐकणाऱ्याची नव्हे, गाणाऱ्याची रचना असते, हा त्याचा मूळ सिद्धांत अधिक बळकट झाला, हे दोघांच्याही ध्यानात आले.

भाच्याच्या खोलीत भिंतीवर दोन जुन्या गोधड्या टांगलेल्या आहेत, कारण उघड्या भिंतीवर आवाज आपटून परत माइकमध्ये येतो आणि शब्द बुळबुळीत होतात. संगणकाच्या पडद्यावर गाणाऱ्याचा आवाज डोंगररांगेसारखा दिसतो, आणि दोन ओळींच्या मधल्या दरीत जो बारीक उंचवटा असतो तो श्वास. रॅपमध्ये ओळी एकमेकींना खेटून असल्याने श्वास फार ऐकू येतात. ध्वनिमुद्रक ते एकेक करून दाबतो किंवा पुसतो. आत्याला हे काम दाखवताना भाच्याने वाद्ये बंद करून नुसता आवाज वाजवला, आणि वादाला अखेरचे वळण या नुसत्या आवाजाने दिले.

वाद्यांची साथ काढून टाकलेल्या गायनाला पाश्चात्त्य संगीतात अ कॅपेला म्हणतात. ‘द ब्लॅक अल्बम’मधील गाण्यांचा असा सुटा आवाजही प्रसिद्ध करण्यात आला होता, जेणेकरून इतरांनी त्यावर आपापले ताल बसवावेत. फेब्रुवारी २००४ मध्ये डेंजर माउस या प्रोड्यूसरने हा आवाज बीटल्स या ब्रिटिश गानवृंदाच्या १९६८ च्या पांढऱ्या मुखपृष्ठाच्या अल्बममधील तुकड्यांवर बसवून ‘द ग्रे अल्बम’ तयार केला. काळ्यात पांढरे मिसळून करडे. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांची मालकी असलेल्या ईएमआय कंपनीने वितरण थांबवण्याची नोटीस दिली, तेव्हा २४ फेब्रुवारी रोजी अनेक संकेतस्थळांनी तो अल्बम मुद्दाम एकाच दिवशी खुला करून निषेध केला. भाच्याच्या मते निरोपाच्या अल्बमची कसोटी येथे सापडते: जाणारा परत आला की नाही यापेक्षा त्याने जाताना मागच्यांच्या हाती वापरता येईल असे काय ठेवले ते पाहावे. प्रस्तुत लेखाचा कलही याच बाजूला आहे, जरी या उदारपणामागे प्रसिद्धीचा हिशेब नव्हताच असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

आत्या यावर बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने धवलारणीचा विषय काढला. रायगड-ठाण्याच्या आगरी समाजात लग्नाचे विधी लावताना धवला नावाची पारंपरिक गीते गाणाऱ्या स्त्रीला धवलारीण म्हणतात. तिच्या गाण्याला वाद्याची साथ नसते, आणि पूर्वी लग्न लावण्याचा मानही तिचाच असे. तेराव्या शतकातील महानुभाव पंथाच्या महदंबेचे धवळेही विवाहगीतेच आहेत आणि त्यांची रचयिती मराठीची आद्य कवयित्री मानली जाते, ही आठवण आत्याने करून दिली. हळदीच्या रात्री बेंजोच्या आणि ध्वनिक्षेपकाच्या आवाजात आता धवला ऐकू येत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहा वाजता भोंगे बंद झाले की मगच काय तो कानावर पडतो. ‘हिला कोण निवृत्त करणार?’ आत्याने विचारले. ‘निवृत्ती जाहीर करायला आधी कोणी ऐकत असावे लागते. हिचे गाणे एका वर्षी बोलावणे आले नाही म्हणून थांबते, आणि थांबल्याचे तिलाही पुढच्या लग्नसराईत कळते.’

या प्रश्नापाशी दोन्ही पक्ष एका कामात गुंतले. आवाज सुटा ठेवण्याची जे-झीची रीत धवल्याला लागू करावी, जवळच्या गावातील एका वृद्ध धवलारणीचे धवले गोधड्यांच्या खोलीत मुद्रित करावेत आणि कोणाही मुलाने त्यावर ताल बसवावा म्हणून खुले करावेत, असे भाच्याने सुचवले. गाणी ऑनलाइन पोचवणाऱ्या वितरकाच्या अर्जात कलाकार, गीतकार आणि संगीतकार असे तीन रकाने असतात; भाच्याने तिन्हींत ‘पारंपरिक’ लिहिले होते. आत्याने पहिला रकाना खोडायला लावला. धवल्याचा रचनाकार अज्ञात असला तरी गाणारी अज्ञात नाही, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्यालाही सादरकर्ता म्हणून स्वतंत्र हक्क दिला आहे. तेव्हा तिचे नाव लागले पाहिजे आणि आवाज खुला करायचा की नाही हे तिनेच ठरवले पाहिजे, असा आत्याचा आग्रह. धवलारणीने हवा तो ताल बसवू दिला आणि उद्या एखाद्या कारखान्याच्या जाहिरातीत तो धवला वाजला तर काय, हाही प्रश्न आत्याने पुढे ठेवला. श्वास पुसू नयेत यावर दोघांचे लगेच एकमत झाले.

संचाचे नाव भाच्याने ‘अखेरची धवलारीण’ असे योजले होते. ते आत्याने मुळीच चालू दिले नाही, कारण चौकशी करता त्या बाईंना येत्या वैशाखात दोन लग्नांची बोलावणी आलेली निघाली. नाव बदलले आहे. आवाज सुटा द्यावा की तालासह, यावर आत्या आणि भाचा यांचे अद्याप जमलेले नाही, आणि धवलारणीचे म्हणणे वैशाखानंतर विचारायचे ठरले आहे.